मरझामात अडकलेली माती

ऑक्टोबरातला शुक्रवार. दोह्यात संध्याकाळचे सहा, कॅलगरीत सकाळचे नऊ. आपला देवव्रत मुऐदर भागातल्या व्हिलाच्या गच्चीवर बर्म्युडा घालून उभा, फोन कठड्याला टेकवलेला, आणि तिकडे कॅनडात त्याची वल्लरीताई शिडीवर चढलेली, हातात रबरी मोजे, डोक्यावर कानटोपी. तिच्या छपराच्या कडेने जी पन्हळ फिरते ना, ती झाडाच्या पानांनी गच्च भरलेली.

"अरे, इथे याला गटर म्हणतात," ताई शिडीवरून ओरडली. "काल आईला फोनवर म्हटलं, उद्या गटर साफ करणारे, तर आई रडायलाच लागली. म्हणे एवढं शिकवलं ते याच्यासाठी?"

देवव्रत हसला, पण लगेच गंभीर झाला. कारण तो एक्स्पर्ट होता ना! वेस्ट बेच्या टॉवरातल्या एका कन्सल्टन्सीत तो दिवसभर ड्रेनेजची ड्रॉइंग तपासायचा. नाशकाहून येऊन तीनच वर्षं झालेली, पण बोलणं असं, की जगातलं सगळं पाणी याला विचारून वाहतं.

"हे बघ ताई, नुसती पानं काढून भागत नाही. वरून पाइप लावून पाणी सोड. खाली उतरणाऱ्या नळाच्या तोंडातून धो धो आलं तर पास. थेंब थेंब आलं तर आत बोळा बसलाय. तो आत्ताच काढायचा. थंडीत तेच पाणी आत गोठणार, पन्हळ फाटणार, छपराच्या कडेला बर्फाचा बांध होणार, आणि मग वरचं वितळलेलं पाणी जाणार कुठे? मागे सरकणार, कौलांखाली घुसणार आणि थेट तुझ्या बेडरूममध्ये!"

"बाप रे. मग हे ऑक्टोबरातच करायचं?"

"पाऊस असू दे नाहीतर बर्फ, येण्याआधी करायचं असतं ताई. आल्यावर नुसतं बघत बसायचं असतं."

काय वाक्य! त्याचं त्यालाच इतकं आवडलं, की फोन ठेवल्याठेवल्या त्याने ते स्टेटसला टाकलं.

आणि हे सगळं तो कुठे उभा राहून बोलत होता? त्याच्या पायाखाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत होतं, आणि त्या गवताखाली, बरोबर डाव्या टाचेपाशी, त्याच्या स्वतःच्या गच्चीचं भोक होतं. आख्ख्या गच्चीचं पाणी जायला तेवढं एकच. दुसरं होतं, ते मालकाने पाण्याची टाकी बसवताना कधीच बुजवलेलं. आणि हे एकुलतं एक भोक देवव्रतने सप्टेंबरात स्वतःच्या हाताने बंद करून ठेवलं होतं. हाताने म्हणजे, खरं सांगायचं तर, पायाने.

झालं होतं असं. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या तीन घरांचे गणपती दरवर्षी एकाच ठिकाणी विसर्जन होतात. समुद्रावर जायची सोय नाही, मग सगळे मिळून एका टबात. छोटे छोटे, वीतभर, पेणहून विमानात मांडीवर घेऊन आणलेले शाडूचे गणपती. या वर्षी टब देवव्रतच्या गच्चीवर होता, कारण गच्चीवरची खोली त्याची, कोणाची अडचण नाही. मंडळाची पद्धत ठरलेली आहे. तीन दिवस टब झाकून ठेवायचा, माती विरघळू द्यायची, फुलं वेगळी काढायची आणि ती माती कुंड्यांत घालायची. जबाबदारी देवव्रतची.

चौथ्या दिवशी तो टबाजवळ गेला तर उकाडा असा की श्वास घेववत नाही, फुलं कुजून वास सुटलेला, आणि खाली मंडळातला त्याचा मित्र मिहीर गाडीचा हॉर्न बडवतोय, कारण अल गराफ्यात इनडोअर क्रिकेटची फायनल.

"यल्ला यार! टॉस होईल!"

"आलो, आलो!"

दोन मिनिटांचं काम होतं हो. पण कुंड्या गच्चीच्या त्या टोकाला, टब जड, आणि भोक पायाशी. देवव्रतने टब तिरका केला. राखाडी गाळ भळभळ भोकात गेला. तळाशी साचलेली घट्ट माती जाईना, तर त्याने ती ढकलली. चपलेने. एकदा, दोनदा. वरून बादलीभर पाणी, आणि धावत खाली.

गाडीत बसल्यावर मंडळाच्या ग्रुपवर जास्वंदीच्या कुंडीचा जुना फोटो टाकला. खाली लिहिलं, "माती कुंडीत घातली. पुढच्या वर्षी लवकर या." चौतीस जणांनी हात जोडले. मालविकावहिनींनी तर लिहिलं, "किती मनापासून करतोस रे देवू."

मालविकावहिनी म्हणजे त्याच्या खोलीच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. नवरा, सदानंददादा, समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, महिना तिकडे आणि महिना घरी. मुलगी ओवी सात वर्षांची. दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती थेट गच्चीवर.

"Which one is Bappa, Devukaka?"

देवव्रतने जास्वंदीकडे बोट दाखवलं. झालं! त्या दिवसापासून ती पोरगी रोज शाळेची उरलेली पाण्याची बाटली घेऊन दोन जिने चढायची आणि त्या कुंडीत ओतायची. त्याची चप्पल चुकून कुंडीला लागली तर ओरडायची, "Careful! Bappa's sleeping!" आणि देवव्रत प्रत्येक वेळी आपल्या चपलेकडे बघायचा.

तेव्हाच सांगितलं असतं तर मिटलं असतं. गच्ची धुताना पाणी गुडगुड करून हळूहळू उतरतंय, हेही त्याने पाहिलं होतं. त्याने काय केलं, तर त्यावर हिरवं गवत अंथरलं. दिसायला नको म्हणून.

नोव्हेंबरात दिलावरभाई बादली घेऊन वर आले. दिलावरभाई त्या व्हिलाचे राखणदार. गेटाशेजारच्या खोलीत राहायचे. पेणजवळच्या एका गावचे, कतारात चौदा वर्षं. गेट, पाण्याची टाकी, मोटर, झाडं, सगळं त्यांच्याकडे. गच्चीचं पाणी जाणाऱ्या नळाला इकडचे लोक मरझाम म्हणतात, आणि मरझाम दर नोव्हेंबरात तपासायचा, ही त्यांची स्वतःची शिस्त. वरून बादली ओतायची, धावत खाली जाऊन तोंडाशी बघायचं.

"देवूभाय, जरा गवत उचलतंव. बादली वतून बघू."

देवव्रत गवतावर येऊन उभा राहिला. गवत उचललं की भोक दिसणार, भोकाच्या कडेला वाळलेली माती दिसणार.

"नको, दिलावरभाई. संध्याकाळी ऑफिसची मंडळी येतायत, बार्बेक्यू आहे. मी चेक केलंय सगळं."

"पाणी वतून?"

"अहो, मी ड्रेनेजचाच इंजिनियर आहे! ओके आहे. खलास."

दिलावरभाई जरा वेळ बादली धरून उभे राहिले. मग जाताजाता जास्वंदीपाशी थांबले, बोटाने कुंडीतली माती उकरून बघितली, देवव्रतकडे एक नजर टाकली आणि भरलेली बादली घेऊन जिना उतरले. भरलेली बादली घेऊन खाली उतरणारा माणूस देवव्रतला पुढे फार दिवस दिसत राहिला.

पाऊस आला डिसेंबरात, मंगळवारी दुपारी. तुम्हाला माहितीय, इथे पाऊस आला की कोणी काम करत नाही. वेस्ट बेत सगळं ऑफिस काचेला चिकटलेलं, जो तो फोन काढून. देवव्रतने व्हिडिओ केला, वर टाकलं, "आमच्या दोह्याचा पाऊस!" तासाभरात एकसष्ट लाइक. मग फोनवर वहिनींचे तीन मिस्ड कॉल दिसले, आणि चौथा त्याने उचलला.

"देवू, हॉलचं छत पडलंय. लायब्ररीवर. तू लवकर ये."

लायब्ररी. आता हे नव्या माणसाला कळायचं नाही, पण मंडळाची लायब्ररी म्हणजे वहिनींच्या हॉलमधल्या भिंतीएवढ्या मांडणीतली सहाशे पुस्तकं. पंधरा वर्षांत जमलेली. सुट्टीला गेलेल्या प्रत्येकाने येताना लोणच्याच्या बरण्या कमी करून, तीस किलोंत कसंबसं बसवून दोन-दोन, तीन-तीन आणलेली. आतल्या पानावर आणणाऱ्याचं नाव आणि तारीख. त्यातले कितीतरी लोक कतार सोडून गेले, त्यांची नावं तेवढी राहिलीत.

पाण्याने भरलेल्या रस्त्यांतून घरी पोचायला त्याला दोन तास लागले. हॉलच्या कोपऱ्यात छताचा जिप्समचा तुकडा लोंबत होता, एसीच्या पाइपाच्या भोकातून गच्चीचं पाणी धारेने खाली येत होतं, आणि बरोबर त्या धारेखाली मांडणी. वहिनी पदर खोचून पुस्तकं ओढून काढत होत्या आणि ओवी ती सोफ्यावर रचत होती. फुगलेली, रंग सुटलेली, चिकटलेली पुस्तकं. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरचा लाल रंग वहिनींच्या कोपरापर्यंत आला होता.

देवव्रत वर धावला. गच्चीचं तळं झालेलं. हिरवं गवत पाण्यावर तरंगतंय, आणि दिलावरभाई गुडघ्यापर्यंत पँट दुमडून बादलीने पाणी कठड्यावरून बाहेर फेकतायत. एकटे. दोन तासांपासून.

तेवढ्यात खाली मोठी गाडी थांबली आणि मालक वर आला. बू खालिद. चांगला माणूस, मितभाषी, इथल्या म्हाताऱ्यांना येतं तसं अरबी मिसळलेलं मोडकं हिंदी बोलणारा, 'मी'ला अना आणि 'तू'ला इंता म्हणणारा. पांढरा पायघोळ तोब घोट्याच्या वर उचलून धरत तो पाण्यात उभा राहिला.

"दिलावर. अना बोला ना इंता को? हर साल बोला. मरझाम साफ करो."

"बोला, बाबा."

"साफ किया?"

दिलावरभाईंनी देवव्रतकडे पाहिलं.

रागाने नाही. तेच तर ना! रागाने पाहिलं असतं तर देवव्रत काहीतरी बोलला असता. हातात सामान असलेल्या माणसासाठी आपण दार धरून उभे राहतो, तो आत येईपर्यंत थांबतो, तसे ते थांबले. देवव्रतने फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मी नको म्हटलं होतं. चार शब्द. त्याने फोनकडे बघितलं. फोनवर लाइक अडुसष्ट झाले होते.

"गलती हुआ, बाबा," दिलावरभाई म्हणाले.

बू खालिद खाली जाऊन वहिनींचा हॉल बघून आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. जिन्यात थांबून म्हणाला, "चौदा साल, दिलावर. बस. इंता अब गाव जाओ. महिने बाद दूसरा आदमी आएगा." आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवव्रतने ऑफिसला दांडी मारली. दिलावरभाई गच्चीवरून भिंतीलगत उतरणाऱ्या नळाचा खालचा बाक, म्हणजे वळणाचा तुकडा, करवतीने कापत होते. देवव्रत कोणी न सांगता पलीकडून नळ धरून बसला. बाक सुटला आणि आत साबणाच्या वडीसारखी घट्ट, राखाडी, गुळगुळीत माती. धूळ नाही, वाळू नाही, पक्ष्यांची घाण नाही.

दिलावरभाईंनी चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळली. नाकाशी नेली.

"शाडू," ते म्हणाले.

देवव्रतने कापलेला बाक बादलीपाशी सरकवला.

"कतारला यायच्या आधी आठ वर्सं पेणच्या कारखान्यात व्हतो मी. गणपतीच्या. पायानं तुडवायची ही माती, लोण्यासारखी व्हईस्तोवर. पण एकदा का मूर्ती झाली, त्यावर डोळं काढलं, मंग तिच्याजवल चप्पल घालून कोणी जायचा नाय. आमचा उस्ताद हाकलून द्यायचा."

त्यांना चपलेचं माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? तरी देवव्रतने चपलेतले पाय मागे ओढले.

मातीत काहीतरी चमकलं. दिलावरभाईंनी नळाखाली धुऊन बघितलं. खोट्या मोत्यांची बोटभर माळ. ओवीने तिच्या बाहुलीची काढून बाप्पाच्या गळ्यात घातलेली. त्यांनी ती देवव्रतच्या तळहातावर ठेवली.

"दिलावरभाई, तुम्हाला नोव्हेंबरातच कळलं होतं ना?"

"कुंडीत शाडू नव्हती, येवढा कलला. कुठं गेली, ते आज कलला."

"मग काल मालकाला सांगितलं का नाही तुम्ही? मीच तुम्हाला परत पाठवलं होतं, हे तरी सांगायचंत!"

दिलावरभाई माती बादलीत भरत होते. हात थांबला नाही.

"मी कशाला सांगू? तुमी व्हता ना तिथं."

त्यांनी सगळी माती भरली, नळाच्या आतून बोटं फिरवून उरलीसुरलीही काढली. बादली उचलून जिना चढायला लागले. देवव्रत मागे. गच्चीच्या दाराशी त्यांनी वहाणा काढल्या, जास्वंदीच्या कुंडीची वरची माती बाजूला केली, शाडू कालवून आत घातली, वरून पाणी दिलं.

"पोरीला जो सांगितलाव, तो तरी खरा होवं दे," ते म्हणाले. आणि मग वहाणा घालताना, "बाक नवा आणाया लागेल, साहेब."

साहेब. तीन वर्षांत पहिल्यांदा. देवूभाय खलास.

त्या संध्याकाळी वहिनींच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर पुस्तकं उपडी लटकवलेली, चारी बाजूंनी पंखे. जी लटकवता येत नव्हती त्यांच्या पानापानांत टिश्यू घालायचा, तो भिजला की काढायचा, दुसरा घालायचा. देवव्रत दुपारपासून तेच करत होता. वहिनींना वाटलं, बिचारा किती राबतोय. त्यांनी दोनदा चहा दिला, आणि दोन्ही वेळा कप तसाच गार झाला.

फोन वाजला. वल्लरीताईचा व्हिडिओ कॉल. हातात ओली पानं, म्हणून त्याने कोपराने उचलला आणि तो लागला स्पीकरवर.

"देव्या! अरे तू माझं घर वाचवलंस! आठवडाभर उणे पंचवीस, आणि काल एकदम गरम वारा सुटला, सगळं बर्फ वितळलं. शेजारच्यांच्या बेडरूममध्ये छतातून पाणी, समोरच्यांची पन्हळ बर्फासकट खाली! आणि आपला नळ धो धो वाहतोय बघ! मी सगळ्या गल्लीला सांगितलं, माय ब्रदर इज अ ड्रेनेज एक्स्पर्ट. ते काय म्हणाला होतास तू? येण्याआधी करायचं असतं, आल्यावर नुसतं बघत…"

"ताई, ठेवतो."

"अरे, ऐक तर…"

त्याने फोन बंद केला. वहिनी कौतुकाने हसत होत्या. "बघ, तिकडे कॅनडात घरं वाचवतोस आणि इथे…"

"वहिनी, इथे मीच बुडवलंय."

मग तो बोलायला लागला. मातीचं सांगितलं, हॉर्नचं, फोटोचं, गवताचं, बादलीचं. चपलेचं सांगताना तो पंख्याकडे वळला, ते त्याने दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा वहिनींना ऐकूच आलं नाही. वहिनींच्या हातात एक गोष्टींचं पुस्तक होतं. त्या ऐकताना एकच पान उलटत होत्या, परत सुलटं करत होत्या.

त्याला वाटलं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पुस्तक मांडीवर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "आणि काल दिलावरभाईंना घरी पाठवायचं ठरलं तेव्हा तू तिथेच उभा होतास?"

"हो."

"मग मला काय सांगतोयस? मी थोडीच त्यांना पाठवतेय."

दुसऱ्या दिवशी तो बू खालिदच्या मजलिसमध्ये गेला. मजलिस म्हणजे मालकाच्या घराची बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या, आणि गाद्यांवर पाच-सहा म्हातारी माणसं कॉफी पीत बसलेली. एकट्याला गाठायचं म्हणून गेलेला देवव्रत दारातच घामाने भिजला. बू खालिदने हाताने बसायची खूण केली. लहानशा कपात कॉफी आली. खजूर पुढे केला. पाहुणा ना तो!

"दिलावरची चूक नाही," देवव्रत इंग्रजीत म्हणाला. "तो साफ करायला आला होता. मी परत पाठवलं. पाइप मी बंद केला."

"इंता? कैसे?"

आता काय सांगायचं? त्या सगळ्या माणसांसमोर, कोणत्या शब्दांत? आणि सांगितल्यावर हे लोक काय म्हणतील, याचीही धाकधूक. त्याने खाली बघून सांगितलं, की आमच्यात मातीची मूर्ती असते, पूजा झाली की ती पाण्यात विरघळवतो, ती माती झाडांना घालायची असते, आणि मी ती कंटाळ्यापायी पाइपात ओतली.

बू खालिदने कप खाली ठेवला. तो रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"यह माटी, इंता के पास बड़ा चीज़? इज़्ज़त का चीज़?"

"हो."

"और इंता… गटर में?"

देवव्रतला मान हलवून हो म्हणावं लागलं.

बू खालिद जरा पुढे सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, "हमारा घर में खुबूस बच जाता, सूखा रोटी, वो भी कचरा में नई डालता. अलग थैली. बाहर दीवार पे लटकाता. चिड़िया खाता, बकरी खाता. रोटी है ना." आणि शेजारच्या म्हाताऱ्याला त्याने अरबीत काहीतरी सांगितलं. त्या म्हाताऱ्याने देवव्रतकडे पाहिलं. आजारी माणसाकडे बघावं, तसं पाहिलं.

देवव्रत म्हणतो, ओरडा खाल्ला असता, खोली रिकामी करायला सांगितलं असतं, तरी चाललं असतं. त्या म्हाताऱ्याचं ते बघणं अजून जात नाही.

"दिलावर रहेगा," बू खालिद म्हणाला. "मैं गलत बोला उसको. मैं जाके बोलेगा, माफी. इंता भी बोलो. और मरझाम, अब हर साल इंता करेगा. दिलावर देखेगा."

मंडळाच्या ग्रुपवर त्याने रात्री सगळं लिहिलं, फोटोच्या खोटेपणासकट. निळ्या खुणा उमटत गेल्या, चौतीसच्या चौतीस. हात कोणी जोडले नाहीत. मिहीरने तेवढं लिहिलं, "हॉर्न मी वाजवला होता," आणि मग पुसून टाकलं.

ओवीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्याने मोत्यांची माळ तिच्या हातात दिली आणि मराठीत सांगितलं, बाप्पा आधी कुंडीत नव्हता, मी खोटं बोललो, मी त्याला पाइपात टाकला होता. दिलावरचाचांनी काढला. तिने माळ उलटसुलट करून बघितली.

"But why?"

त्याने खूप विचार केला. उकाडा होता, वास येत होता, मॅच होती. एकही कारण त्या पोरीसमोर काढण्यासारखं नव्हतं.

"माहीत नाही गं," तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

शनिवारी नवा बाक बसवला. गवत गुंडाळून कचऱ्यात गेलं होतं. देवव्रत पहाटेच उठून गच्ची झाडून, घासून, कोपऱ्यातली वाळू हाताने उचलून तयार. भोकावर नवी जाळी. दिलावरभाईंची माफी त्याने आदल्या दिवशीच मागितली होती, गेटापाशी. ते झाडांना पाणी घालत होते. "झाला ता झाला," एवढं म्हणाले आणि पाण्याचा पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. बस.

आता ते खाली नळाच्या तोंडाशी उभे होते आणि देवव्रत वर, अनवाणी, हातात भरलेली बादली. तीच, नोव्हेंबरातली.

"ओतू?"

"वता."

त्याने बादली तिरकी केली. पाणी भोकाभोवती गोल फिरलं आणि गडप झालं. तो कठड्यावरून वाकला. दिलावरभाईंचं फक्त डोकं दिसत होतं, पांढरी टोपी, खाली वाकलेली. एक क्षण, दोन क्षण. ड्रॉइंगवर त्याने असले नळ हजारदा तपासले होते, लाल पेनाने पास केले होते, पण दुसऱ्या टोकाला पाणी येईस्तोवर असं थांबून तो आयुष्यात कधी राहिला नव्हता. त्याला वाटलं, आज तरी ते पुन्हा देवूभाय म्हणतील.

खालून पाण्याचा आवाज झाला. टोपी वर झाली.

"आला, साहेब," दिलावरभाई म्हणाले. "अजून एक बादली वता."